श्रुत कानापर्यंत पोहोचावे म्हणून



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपल्या मंदिरांतील शास्त्रभांडाराची कपाटे उघडली जातात. वर्षभर बासनात बांधलेले ग्रंथ बाहेर निघतात, त्यांवरील धूळ झटकली जाते, जुनी वेष्टने बदलून नवी घातली जातात आणि जिनवाणीची पूजा होते. श्वेतांबर परंपरेत हाच भाव कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमीच्या रूपाने प्रकट होतो. गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध धरसेनाचार्यांनी आपल्यापाशी उरलेले आगमज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकविले, त्यांनी ते षट्खंडागमाच्या रूपाने ग्रथित केले आणि तो ग्रंथ पूर्ण झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा, असे आपली परंपरा सांगते.

'श्रुत' या शब्दाचा साधा अर्थ 'ऐकलेले' असा आहे. भगवंतांची वाणी गणधरांनी ऐकली, त्यांच्याकडून शिष्यांनी, त्यांच्याकडून प्रशिष्यांनी. कित्येक शतके हे ज्ञान मुखातून कानाकडे आणि कानातून स्मृतीकडे वाहत राहिले. स्मृती क्षीण होऊ लागली तेव्हा लेखणी मदतीला आली. म्हणजे आपल्याकडे ज्ञान आधी ऐकण्याचा विषय होता आणि वाचण्याचा नंतर. एवढी वर्षे मी श्रुतपंचमीच्या पूजेला बसलो, पण या शब्दाकडे माझे नीट लक्ष यंदाच गेले. त्याला कारण एक दूरध्वनी.

आमच्या गावच्या समाजाच्या शिक्षण निधीचे काम मी निवृत्तीनंतर पाहतो. दरवर्षी जून महिन्यात शिष्यवृत्तीचे पत्रक निघते. मसुदा मी करतो, त्याची छापील प्रत काढतो, तीवर स्वाक्षरी करून निधीचा गोल शिक्का उमटवितो, मोबाइलने तिचे छायाचित्र घेतो आणि समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवितो. यंदाही तसेच केले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका मुलीचा फोन आला. वडिलांचे नाव सांगून ती म्हणाली, "काका, शिष्यवृत्तीचं पत्रक आलंय असं मैत्रिणीकडून कळलं. माझा फोन ते वाचत नाही. त्यात काय लिहिलंय ते सांगाल का?"

मी म्हणालो, "फोन वाचत नाही म्हणजे काय गं?"

"मला दिसत नाही ना काका. मी फोनवर ऐकून वाचते. तुमचं पत्रक आलं की फोन नुसतं 'फोटो' म्हणतो आणि गप्प बसतो."

तिचे वडील मला चांगले परिचित आहेत. बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. मुलीला दृष्टी नाही हेही मला ठाऊक होते. पण ती बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षात जात आहे, संगणकावर अभ्यास करते आणि जमाखर्चाची गणिते सोडविते, याची मला कल्पना नव्हती. पुढची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. आमच्या निधीत एका दात्याने खास दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वार्षिक दहा हजार रुपयांची तरतूद करून ठेवली आहे. मागील दोन्ही वर्षी तिच्यासाठी एकही अर्ज आला नाही. तेव्हा ठरावानुसार ती रक्कम सर्वसाधारण शिष्यवृत्तीकडे वर्ग केली गेली. अहवालात 'पात्र अर्जदार नाही' हे वाक्य मी माझ्या हातांनी लिहिले होते. पात्र अर्जदार आमच्या मंदिरापासून चार गल्ल्यांवर राहत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिने आपला फोन कसा चालतो ते मला दाखविले. पडद्यावर बोट फिरविले की बोटाखाली जे असेल ते फोन उच्चारतो. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय 'टॉकबॅक' या नावाने मुळातच असते. संगणकासाठी ती 'एनव्हीडीए' नावाची प्रणाली वापरते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली ती करावयास घेतली आणि जगातील कोणाही दृष्टिहीनाला ती विनामूल्य मिळते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या अशा साधनांना 'स्क्रीन रीडर' म्हणतात. ती मराठीही वाचतात. वर्तमानपत्रातील एक बातमी तिच्या फोनने इतक्या वेगाने वाचली की मला शब्द पकडता येईनात. ती मात्र हसून म्हणाली, "हा माझा हळूचा वेग आहे."

मग तिने माझे पत्रक उघडले. फोन म्हणाला, "फोटो." पुढे शांतता. चित्रातील अक्षरे ओळखणारीही साधने आता आहेत, त्यांतील एक तिने लावून पाहिले होते. पण कागदाचे छायाचित्र तिरके आले होते आणि अंतिम तारखेवर नेमका निधीचा शिक्का बसला होता. त्यामुळे अर्ज कोणी करावा हे अर्धेमुर्धे कळले, केव्हापर्यंत करावा हे कळलेच नाही. पत्रक अधिकृत दिसावे म्हणून मी उमटविलेल्या शिक्क्यानेच त्यातील सर्वांत आवश्यक ओळ झाकली होती.

मी म्हणालो, "थांब, माझ्याकडे याची टंकलिखित पीडीएफ आहे, ती पाठवितो." ती पाठविली. या वेळी फोन गप्प बसला नाही, पण जे बोलू लागला ते कोणत्याच भाषेत नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची खूण, पुन्हा इंग्रजी अक्षरे. माझ्या डोळ्यांना तीच पीडीएफ स्वच्छ मराठीत दिसत होती.

हे असे का होते, ते मला त्या मुलीने समजावून सांगितले. मी ते बँकेच्या भाषेत मांडतो. पूर्वी प्रत्येक शाखेचे खातेक्रमांक स्वतंत्र असत. आमच्या शाखेतील २५० क्रमांकाचे खाते एकाचे, शेजारच्या शाखेतील २५० क्रमांकाचे दुसऱ्याचे. शाखेबाहेर त्या क्रमांकाला अर्थ नसे. कोअर बँकिंग आले आणि प्रत्येक खात्याला संपूर्ण बँकेत एकच क्रमांक मिळाला. मराठी टंकांचे तसेच आहे. छापखान्यांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले जुने टंक हे त्या स्वतंत्र शाखांसारखे. कागदावर 'क' उमटतो, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते. तो विशिष्ट टंक आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मात्र ती इंग्रजी अक्षरांची गिचमीड वाटते. युनिकोड ही कोअर बँकिंगसारखी व्यवस्था आहे. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. तीत 'क'चा क्रमांक २३२५ आहे आणि तो जगातील प्रत्येक संगणकावर तोच राहतो. म्हणून युनिकोडमधील मजकूर शोधता येतो, मोठा करता येतो आणि यंत्राकडून ऐकताही येतो.

घरी परतताना मला माझ्या नोकरीतील जुने दिवस आठवले. दृष्टिहीन ग्राहक खाते उघडावयास आला की आम्ही अधिकारी मंडळी एकमेकांकडे पाहत असू. धनादेश पुस्तिका द्यावी की नाही, तिचा गैरवापर झाला तर उत्तर कोण देणार, असे प्रश्न निघत. बहुधा नकारच दिला जाई, आणि त्या नकाराला आम्ही 'ग्राहकाच्या हिताची काळजी' असे नाव देत असू. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. धनादेश पुस्तिका, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड या साऱ्या सोयी दृष्टिबाधित ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता द्याव्यात, असे त्यात स्पष्ट बजावले होते. पुढे १ जुलै २०१४ पासून बसविले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल कळफलकाचे असावे, असाही आदेश झाला. २०२० च्या पहिल्या दिवशी नोट किती रुपयांची आहे हे बोलून सांगणारे 'मनी' नावाचे मोबाइल ॲप रिझर्व्ह बँकेने उपलब्ध करून दिले. परिपत्रक आल्यावर आम्ही सुधारलो. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहावी लागली, ही टोचणी मात्र आहे.

कायदाही आता बराच पुढे आला आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२व्या कलमात ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुगम्य स्वरूपात असावा, याची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना बँकेची ई-केवायसी पूर्ण करता येत नव्हती, कारण ग्राहक जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी ती प्रणाली पापणी मिटण्यास सांगत होती. दुसरी याचिका एका पूर्णतः दृष्टिहीन नागरिकाची होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि शासनाला व संबंधित संस्थांना वीस निर्देश दिले. जो आपली पापणी मिटू शकत नाही त्याला यंत्र 'पापणी मिटा' असे सांगत राहते. यंत्राला दया नसते हे खरे, पण ते यंत्र घडविणाऱ्या माणसांपैकी कोणाच्याच मनात हा प्रश्न आला नसावा, याचे अधिक वाईट वाटते.

मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझ्याही मनात तो आला नव्हता.

आपल्या शास्त्रांत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. शास्त्रदानासाठी आपला समाज उदार आहे. ग्रंथ छापले जातात, अल्प किमतीत किंवा विनामूल्य वाटले जातात. पण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची जी कारणे दिली आहेत, त्यांत 'अंतराय', म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत विघ्न आणणे, हेही एक आहे. हा शब्द आपण पाठशाळेत पाठ करतो. अंतराय म्हणजे कोणाचे पुस्तक हिसकावून घेणे, अशी माझी बालपणीची समजूत होती. तो अजाणता, शिक्का मारून आणि छायाचित्र काढूनही होऊ शकतो, हे साठी उलटल्यावर कळले. मी विघ्नाच्या हेतूने काही केले नव्हते, हे खरे. पण प्रमादाने घडलेल्या गोष्टीचेही आपण प्रतिक्रमण करतोच ना?

दृष्टी नसली तरी श्रुत किती उंचीला जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० साली सौराष्ट्रात झाला. सोळाव्या वर्षी देवीच्या रोगात त्यांचे डोळे गेले. पुढे ते काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत गेले. इतरांनी वाचावे आणि यांनी ऐकावे, अशा रीतीने त्यांनी संस्कृत, प्राकृत आणि न्यायशास्त्र आत्मसात केले. तत्त्वार्थसूत्रावरील त्यांचे विवेचन आजही अभ्यासकांच्या हाती असते. सिद्धसेन दिवाकरांच्या सन्मतितर्काचे अवघड संपादन त्यांनी पंडित बेचरदास दोशी यांच्यासह गुजरात विद्यापीठात केले. काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी जैन दर्शन शिकविले, आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या प्रज्ञेपुढे आपण नतमस्तक होतोच. पण त्यांना वाचून दाखविणारे जे अनेक कंठ होते, त्यांचाही त्या कार्यात वाटा आहे. आज तो कंठ प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रश्न एवढाच की, आपण त्याच्यापुढे वाचता येईल असा कागद ठेवतो की नाही.

आणखी एक प्रसंग स्मरतो. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके जपल्या गेल्या. त्या जपल्या म्हणून वाचल्या, यात शंका नाही. पण दीर्घकाळ भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे, अध्ययन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्यास आरंभ झाला, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ साली आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सर्व सोळा भाग निघण्यास पुढे दोन दशके लागली. ज्या ग्रंथाला आपण नमस्कार करीत होतो, तो तेव्हा कोठे सामान्य अभ्यासकाला वाचता येऊ लागला. आज आपण छायाचित्ररूपाने जे ग्रंथ, अंक आणि पत्रके पाठवितो, त्यांची अवस्था दृष्टिहीन वाचकाच्या बाबतीत नकलांपूर्वीच्या त्या ताडपत्रांसारखीच आहे. ती त्याच्या हातात असतात आणि तरीही बंद असतात. त्याला तर त्यांचे दर्शनही घडत नाही.

असो. वाचकांनी नेमके काय करावे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. आमच्या निधीच्या कामात ज्या गोष्टी आता मी पाळतो, त्या येथे देतो. त्यासाठी पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे निमंत्रण, सूचना, शोकसंदेश किंवा पत्रक यांचे चित्र पाठवायचे असेल तर अवश्य पाठवावे, पण त्याखाली तोच मजकूर युनिकोड मराठीत टंकून द्यावा. निदान काय, कोठे, केव्हा, कोणाशी संपर्क आणि अंतिम तारीख एवढे तरी असावे.

दुसरी गोष्ट परीक्षेची. एखादी पीडीएफ वाचता येण्याजोगी आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. तीतील एक ओळ निवडून तिची नक्कल व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. चिकटविल्यावर गिचमीड दिसली तर टंक जुना आहे. शुद्ध मराठी उमटली तर बहुतेक ठीक. काही वेळा युनिकोड असूनही पीडीएफ होताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही द्यावी.

तिसरी, शीर्षकांची. आपण शीर्षक ठळक करतो, मोठे करतो आणि झाले असे समजतो. डोळ्यांना ते पुरते. स्क्रीन रीडरला ते शीर्षक आहे हे कळावे यासाठी वर्डमधील 'हेडिंग' ही शैली वापरावी लागते. तसे केले म्हणजे दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. नाहीतर चाळीस पानी अहवालातील शेवटचा जमाखर्च गाठण्यासाठी त्याला अध्यक्षांच्या मनोगतापासून सारे ऐकत बसावे लागते. ही शिक्षा आपल्या सभासदांना देऊ नये.

चौथी, कोष्टकांची. हा माझ्या व्यवसायाचा विषय. आकडे एकाखाली एक दिसावेत म्हणून स्पेसची कळ दाबत बसणे, किंवा दिसायला छान म्हणून चार रकाने एकत्र जोडणे, या दोन्ही सवयी सोडाव्यात. खरे कोष्टक घालावे, पहिली ओळ रकान्यांच्या नावांची ठेवावी आणि तिला तशी खूण करावी. मग आकडा ऐकताना तो जमेचा की खर्चाचा, हे ऐकणाऱ्याला कळते.

पाचवी, चित्रांची. छायाचित्राला जोडून त्याचे वर्णन लिहिण्याची सोय वर्डमध्ये आणि संकेतस्थळांवर असते, तिला 'पर्यायी मजकूर' म्हणतात. 'फोटो क्रमांक ३' असे लिहून उपयोग नाही. 'पंचकल्याणक महोत्सवात कलश घेऊन निघालेल्या महिलांची मिरवणूक' असे एक वाक्य पुरे.

सहावी, रंगांची. पिवळ्यावर केशरी किंवा फिकट गुलाबीवर पांढरी अक्षरे आपल्या पत्रिकांत फार असतात. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असे सांगितले आहे. काळे अक्षर पांढऱ्या कागदावर ठेवल्यास काहीच मोजावे लागत नाही. तसेच 'लाल रंगातील रकाने भरणे सक्तीचे' असे लिहू नये, ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत त्याने काय करावे? 'सक्तीचे' हा शब्दच लिहावा.

सातवी, दुव्यांची. 'येथे क्लिक करा' असे पाच ठिकाणी लिहिले, तर ऐकणाऱ्याला पाच वेळा तेच ऐकू येते. त्याऐवजी 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असे दुव्याचे नावच द्यावे. आणि संकेतस्थळावरील अर्ज माउस न वापरता, केवळ कळफलकावर भरता येतो का, हे एकदा स्वतः करून पाहावे. ज्यांचा हात कापतो, त्यांच्यासाठीही तो प्रश्न असतो.

आठवी, प्रवचनांच्या चित्रफितींची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याखाली मजकूर द्यावा. येथे लेखणी पुन्हा एकदा श्रुताच्या मदतीला येते.

वर्डच्या 'रिव्ह्यू' या विभागात 'चेक ॲक्सेसिबिलिटी' नावाची कळ आहे. ती दाबली की यांतील बऱ्याच चुका संगणक स्वतःच दाखवून देतो. मी ती वीस वर्षे पाहिली नव्हती असे म्हणणार नाही, पण ती कशासाठी आहे हे कधी विचारले नव्हते. जुन्या छापील पानांसाठी गूगल ड्राइव्हमध्ये चित्रावरून मराठी मजकूर काढण्याची सोय आहे. त्यात चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन करावे लागते. आपल्याकडे निवृत्त शिक्षकांची कमतरता नाही, आणि याहून चांगला स्वाध्याय कोणता? ग्रंथ अद्याप प्रताधिकारात असला तरीही दिव्यांग वाचकांसाठी त्याची सुगम्य प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रताधिकार कायद्यात मुभा दिली आहे. याच विषयावरील मराकेश करारास २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आमच्या निधीच्या बैठकीत मी हा विषय मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो साहेब, एका मुलीसाठी एवढा खटाटोप?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. मी त्यांना २०११ च्या जनगणनेतील आकडे सांगितले. देशात दिव्यांग व्यक्ती २ कोटी ६८ लाख, त्यांपैकी दृष्टिबाधित सुमारे ५० लाख, आणि एकट्या महाराष्ट्रात सर्व प्रकारचे दिव्यांग सुमारे २९ लाख ६३ हजार. आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नाही. मग मी म्हणालो, "अण्णा, मागच्या वर्षी वार्षिक सभेची सूचना तुम्ही मला फोनवर वाचून दाखवायला सांगितली होती. अक्षर बारीक आहे म्हणाला होतात. चित्र मोठं केलं की ते फुटतं, मजकूर मोठा केला तर फुटत नाही. हा खटाटोप तुमच्यासाठीही आहे." अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग गेल्या वर्षीच का नाही केलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी वाढविली. पत्रक नव्याने काढले, साध्या मजकुरात, शिक्क्याविना. त्या मुलीने आपला अर्ज स्वतः टंकून, स्वतः वाचून, कोणाचीही मदत न घेता मला पाठविला. त्यात एकही चूक नव्हती. यंदाची शिष्यवृत्ती तिला मिळेल. मागील दोन वर्षांचे काय, हा विचार मात्र मनातून जात नाही. बँकेत चुकीची नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची नोंद करता येते. पण वर्ष संपून ताळेबंद झाला, लेखापरीक्षण झाले, रक्कम वाटली गेली, की ते खाते पुन्हा उघडत नाही. ते वीस हजार रुपये दुसऱ्या गरजू मुलांना मिळाले, म्हणून वाया गेले असे म्हणता येत नाही. पण ते ज्या हाती जावेत अशी दात्याची इच्छा होती, त्या हाती ते गेले नाहीत. मी तिच्याजवळ क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं." हे वाक्य मला दिलासा देण्यासाठी होते. मला ते आरोपासारखे ऐकू आले.

पर्युषण पर्वाच्या अखेरीस आपण एकमेकांना क्षमायाचनेचे संदेश पाठवितो. फुलांच्या चौकटीत सुबक अक्षरांत लिहिलेले ते चित्र दिवसभर इकडून तिकडे फिरत असते. यंदा ते पाठविताना त्याखाली दोन ओळी स्वतः टंकून लिहाव्यात, ही माझी वाचकांना विनंती आहे. नाहीतर ज्याच्याजवळ आपण क्षमा मागत आहोत, त्याला केवळ 'फोटो' एवढेच ऐकू यायचे.

संपादकांनाही एक विनंती आहे. हे मासिक पीडीएफ स्वरूपातही सभासदांना जाते. हा लेख मी युनिकोडमध्ये लिहून पाठविला आहे. तो त्याच रूपात, ऐकता येईल असा वाचकांपर्यंत जावा. ती मुलगी या मासिकाची वाचक होऊ इच्छिते, आणि तिच्याविषयी लिहिलेले तिला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागू नये.

जय जिनेंद्र.